घराची मागची बाजू

मुंबईत थंडी पडत नाही असं म्हणणाऱ्या माणसांनी नाताळच्या दिवशी पहाटे साडेपाचला चाळीतल्या मोरीत आंघोळ केलेली नसते. मम्मी स्टोव्हवर एकच पातेलं तापवायची आणि त्यात आम्हा चौघांना भागवायची. पहिला मान धाकट्याचा, म्हणजे माझ्या भावाचा, दाविदचा. माझ्या वाट्याला येईपर्यंत ते पाणी कोमट म्हणायच्या लायकीचंही उरत नसे. पहिला तांब्या अंगावर पडला की दातावर दात आपटायचे आणि बाहेरून मम्मी म्हणायची, "आवर एस्तू, उपासना काय तुझ्यासाठी थांबायची नाही."

आता बोरिवलीच्या फ्लॅटमध्ये गिझर आहे. पण डिसेंबरचा तिसरा आठवडा आला आणि खिडकीतून डोंगराकडचा गार वारा आला की माझ्या अंगावर तोच तांब्या पडतो. त्याच सुमाराला दाविदचा फोन येतो. तो मुलुंडला राहतो, बँकेत आहे, डोक्यावर केस फारसे उरलेले नाहीत, पण या एका फोनपुरता तो सहा वर्षांचा असतो. "एस्तू, यंदा घर माझ्याकडे. माझ्या पोरांनी नाही बघायचं तर कुणी बघायचं ते?" मी दरवर्षी म्हणते, "पोरांना घेऊन इकडे ये. घर हलणार नाही." तो चिडतो, मीही चिडते. मग नाताळच्या सकाळी तो बायकोपोरांसकट माझ्या दारात हजर होतो आणि आमचं भांडण मम्मीच्या करंज्यांवर मिटतं.

हे घर म्हणजे माझा फ्लॅट नव्हे. दोन फूट लांब, दीड फूट उंच, प्लायवूडचं असं एक घर आमच्या टीव्हीशेजारच्या टेबलावर असतं. ते पप्पांनी बांधलं. त्याविषयी बोलायला लागले की माझा आवाज चढतो, असं माझा नवरा म्हणतो. चढत असेल. आमच्या पाळकांनी गर्व हे पाप असं लहानपणीच शिकवलं. अभिमानाबद्दल ते काही बोलले नव्हते, म्हणून मी त्याला अभिमान म्हणते.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. हे कळलं की अजूनही काही लोक डोळे मोठे करून म्हणतात, "अय्या, पण तुमचं मराठी किती छान आहे हो." यावर काय बोलावं हे मला पन्नाशीतही सुचलेलं नाही. आमच्या नाताळला केकच्या आधी करंज्या लागतात, शंकरपाळ्या लागतात, दारात रांगोळी लागते. चर्चमध्ये पेटी आणि ढोलकीवर गाणी होतात, आणि ढोलकीवाला रंगात आला की पाळकसाहेबांनाही त्याला थांबवता येत नाही. अंधेरीच्या चाळीत आमचा नाताळ आणि शेजारच्या सावंतकाकूंची दिवाळी यांत मला तरी मोठा फरक दिसत नसे. त्यांचा कंदील गोल असे, आमचा पाच टोकांचा. दोन्ही पप्पांनीच केलेले असत.

पप्पा अंधेरीतल्या एका फिल्म स्टुडिओत सुतार होते. शूटिंगचे सेट उभारायचे. राजवाडा, कोर्ट, तुरुंग, शेठजीचा बंगला, जे मागतील ते. वीस माणसांनी पंधरा दिवस खपून हवेली उभी करायची, आठ दिवस तिच्यात शूटिंग व्हायचं आणि मग त्याच वीस माणसांनी ती हवेली तोडायची. खिळे उपटून ठोकून सरळ करायचे, फळ्या रचून ठेवायच्या, आणि त्याच फळ्यांतून पुढच्या आठवड्यात तुरुंग. शाळेत मी सगळ्यांना ऐकवायचे, "माझे पप्पा बंगले बांधतात." कुठे बांधले, असं कुणी विचारलं की पंचाईत व्हायची. दाखवायला एकही जागेवर नसायचा.

एकदा ते आम्हाला सेट दाखवायला घेऊन गेले. पांढराशुभ्र संगमरवरी जिना होता, तो वर जाऊन भिंतीत संपत होता. दाविदने खांबावर टकटक केली तर खांब पोकळ वाजला. मी भिंतीला वळसा घालून मागे गेले. मागे नुसत्या उघड्या पट्ट्या, वाकवलेले खिळे आणि भिंत पडू नये म्हणून लावलेले तिरके टेकू. मम्मीही माझ्यामागून आली. "मागून कच्चंच आहे की सगळं," ती म्हणाली. पप्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, "कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच करायचं, मार्था. न दिसणारं करत बसलं तर वेळ जातो, माल जातो." घरी आल्यावर मम्मी चहा टाकता टाकता म्हणाली, "एवढा चांगला हात आहे तुमचा. त्यातलं काहीतरी राहायला पाहिजे होतं."

आता तो स्टुडिओही नाही. तिथे उंच इमारती झाल्यात, आणि त्या सगळ्या बाजूंनी पूर्ण आहेत. पप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. टीव्हीवर एखादा जुना सिनेमा लागला, त्यात एखादी हवेली दिसली की मम्मी पुढे सरकून बसते. ही त्यांची का, असं विचारलं तर म्हणते, "काय माहीत, असेल." आमच्याकडे पप्पांच्या पस्तीस वर्षांच्या कामाचा हिशेब असाच 'असेल' एवढ्यावर थांबतो.

मी चौथीत होते त्या वर्षीची गोष्ट. शलमोनमामा म्हणजे मम्मीचा धाकटा भाऊ, घाटकोपरला राहायचा, सरकारी ऑफिसात कारकून. माणूस वाईट नव्हता, पण थट्टा तोंडात आली की ती गिळणं त्याला कधी जमलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो आला होता. जेवताना आमच्या दहा बाय बाराच्या खोलीकडे बघून म्हणाला, "घर पाहावं बांधून म्हणतात. आमच्या दाजींनी शंभर बांधली, पण राहायला एक नाही." सगळे हसले, पप्पाही हसले. मात्र मामा गेल्यावर ते बराच वेळ दारात उभे होते. मग आत येऊन आम्हाला विचारलं, "नाताळला काय पाहिजे तुम्हाला?"

हे नवीन होतं. आमच्याकडे नाताळची भेट म्हणजे नवे कपडे आणि खिशात मावतील तेवढी चॉकलेटं. मी विचारात पडले. दाविदला विचार करायची गरज वाटली नाही. तो म्हणाला, "घर."

"कसलं घर?"

"आपलं. जागेवर राहणारं."

पप्पा म्हणाले, "बरं." घासाघीस न करता ते बरं म्हणाले याचंच मला तेव्हा नवल वाटलं. आज वाटतं, त्यांच्या बरोबरीचे सुतार कपाटं करत होते, देव्हारे करत होते, आणि त्यांची कामं लोकांच्या घरात वर्षानुवर्षं उभी होती. पप्पांचा हात त्या सगळ्यांपेक्षा वरचढ, पण आपलं काम बोट दाखवून पोरांना दाखवावं, मेव्हण्याला दाखवावं, तर कुठे काही उभंच नव्हतं. दाविदने मागितलं ते घर पप्पांनाही हवं होतं.

नोव्हेंबरभर आणि अर्धा डिसेंबर ते स्टुडिओत दुपारच्या सुट्टीत ते करत होते. डबा दहा मिनिटांत संपवायचा आणि उरलेल्या वेळात तुकडे कापायचे, जोडायचे. फेकून दिलेल्या सेटचं प्लायवूड, उरलेला रंग. आम्हाला काही दाखवत नव्हते. चोवीस तारखेला संध्याकाळी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं घेऊन रिक्षातून उतरले आणि ते खाटेशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. "उद्या सकाळी," म्हणाले. दाविद त्या रात्री चादरीकडे तोंड करून झोपला.

सकाळी आंघोळी झाल्या. मी नवा फ्रॉक घातला, त्याच्या कॉलरची लेस मानेला टोचत होती. पप्पांनी मम्मीने शिवून घेतलेला सायीच्या रंगाचा नवा शर्ट घातला. साडेसातला शलमोनमामा आला. दरवर्षी तो आमच्याबरोबरच उपासनेला यायचा. त्या दिवशी नव्या सफारी सूटमध्ये होता आणि त्याच्या हातात मोठा खोका होता. त्याच्या मित्राने दुबईहून आणलेला बॅटरीवरचा आगीचा बंब. खोक्यावर बंबाचे चारही बाजूंनी फोटो. दाविदचे डोळे तिथे खिळले. मामाने खोका खाटेवर ठेवला आणि पप्पा म्हणाले, "आता आमचं बघा." त्यांनी चादर ओढली.

मला आजही ते पहिलं बघणं आठवतं. दोन मजली बंगला. फिकट जांभळ्या भिंती, चार खांबांचा सज्जा, वर गोल खिडकी, पांढऱ्या पायऱ्या, दाराला पितळेची एवढीशी कडी. छपराच्या कडेने नक्षी कोरलेली, ती माझ्या करंगळीच्या नखाहून बारीक. मामाने शीळ घातली. "झकास, दाजी. मानलं तुम्हाला." पप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दाविदला मात्र आत जायचं होतं. तो रांगत कडेला गेला, घर दोन्ही हातांनी धरून भिंतीपासून पुढे ओढलं आणि मागे जाऊन बसला. मग म्हणाला, "पप्पा, मागे काहीच नाही."

त्याने तक्रार केली नव्हती, जे दिसलं ते सांगितलं होतं. आम्ही सगळे मागे गेलो. मागे भिंत नव्हती, खोल्या नव्हत्या, जमीन नव्हती. कच्चं प्लायवूड, त्यावर कुठल्याशा राजवाड्याचा निळा पट्टा, कुठल्याशा तुरुंगाचा राखाडी, खडूने लिहिलेला एक आकडा, वाकवलेले खिळे, आणि घर पडू नये म्हणून लावलेले दोन तिरके टेकू.

"मग राहायचं कुठे?" दाविदने विचारलं.

मामाला हसू आवरलं नाही. "अहो दाजी, वाट लागली. हेही शूटिंगचंच केलंत की." आणि मीही हसले. मामाबरोबर, मोठ्याने. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली.

पप्पा उकिडवे बसून बघत राहिले. त्यांना खरोखर माहीत नव्हतं. दीड महिना ते रोज त्या घरासमोर बसले, पण जिथे कॅमेरा असता तिथेच बसले. चांभाराची नजर जोड्यावर म्हणतात तशी त्यांची नजर पुढच्या बाजूवर. हातांना जे वळण पडलं होतं त्या वळणाने हात गेले. "अरे," एवढंच ते म्हणाले. मग चादर उचलून घरावर टाकली. दाविदने तोवर बंबाचं बटण दाबलं आणि त्याचा भोंगा खोलीभर वाजायला लागला. "बंद कर ते," मम्मी म्हणाली. "चला उपासनेला."

पप्पा चर्चमध्ये गायचे तेव्हा दोन बाकं पुढचे लोक वळून बघत. सूर यथातथाच, पण आवाज असा की छपराला लागावा. त्या दिवशी ते गायले नाहीत. मी बायकांच्या बाजूने मान वाकडी करून बघत होते. सगळी मंडळी उभी राहून गात होती, ढोलकी कडकडत होती, आणि पप्पा ओठ मिटून उभे. माझं उपासनेत लक्ष लागेना. प्रवचन सुरू झालं. जरा वेळाने पाहिलं तर ते समोरच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवून वीत टाकत होते. एक वीत, दीड वीत. मग परत पहिल्यापासून. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

उपासना संपली की आमच्यात तासभर हात मिळवणं चालतं. पप्पांनी दोनतीन हात मिळवले आणि निघाले. आम्ही पोहोचलो तेव्हा ते चाळीच्या गॅलरीत हत्यारांची पेटी उघडून बसलेले, नवा शर्ट अंगावरच. घर पुढ्यात. पण हातात काही नव्हतं. लाकडाची वखार सणामुळे बंद, स्टुडिओ बंद, आणि घरात मटणाखेरीज कापण्यासारखं काही नाही.

मम्मीने हातातली पिशवी ठेवली आणि खाटेखालून चहाचं खोकं ओढून काढलं. पूर्वी चहा यायचा ती प्लायवूडची मोठी खोकी, कडांना पत्रा मारलेली. त्यात तिच्या आईने शिवलेल्या गोधड्या असत, आणि त्या खोक्याला आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. तिने गोधड्या काढून खाटेवर टाकल्या. "हे घ्या."

"अगं, पण गोधड्या?"

"गोधड्यांचं मी बघते. सणाच्या दिवशी घर अर्धं ठेवायचं नाही."

मामा दारात घुटमळत होता. "दाजी, मी आपलं थट्टेने म्हणालो," तो म्हणाला. पप्पांनी करवत उचलली. "फळी धर," ते म्हणाले. मामाने सफारी सूटसकट जमिनीवर मांडी घातली आणि फळी धरली. "घट्ट धर. हलली तर बोट तुझंच जाईल." पुढचे तीन तास मामाने एकही थट्टा केली नाही. हा विक्रम त्याने पुन्हा कधी मोडला नाही.

पुढची बाजू पप्पा डोळे मिटून करू शकत होते. मागची त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "मागे काय काय असतं, सांगा."

"नळ," दाविद म्हणाला. चाळीच्या टोकाला सगळ्यांचा मिळून एक नळ होता आणि तो पहाटे दीड तास यायचा. "आपला नळ. दिवसभर पाणी येणारा."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"बरं." पप्पांनी पेटीतून पितळेचा एक बारका हूक काढला, बोटांत फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला.

मी म्हणाले, दार पाहिजे. मम्मी आतून, मटणाला फोडणी घालता घालता म्हणाली, "स्वयंपाकघराला खिडकी ठेवा, मोठी. धुराने डोळे गेले माझे. आणि कपडे वाळत घालायला दोरी." एव्हाना सावंतकाकू आपल्या दारातून उठून आल्या होत्या. त्या मालवणकडच्या, आणि घर म्हटल्यावर गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "नुसता दार काय करतास? मागीलदार व्हया. पडवी व्हयी. बायलमाणसान सांजचा बसाचा खंय?" पप्पांनी मान डोलावली आणि बायकांना संध्याकाळी टेकायला म्हणून पेन्सिलीने पडवीची खूण केली.

मला त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा दिला. "एस्तू, तू घास." मी हसले होते ते त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला माहीत नाही, मी विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत. मी घासत राहिले. बोटांची टोकं चुरचुरायला लागली. त्यांनी फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अजून." पुन्हा घासलं. "अजून." तिसऱ्या वेळी ते काही न बोलता फळी घेऊन गेले, आणि मला चौथीच्या पहिल्या नंबरानेही कधी तेवढं बरं वाटलं नव्हतं.

जेवायला चार वाजले. मटण आणि तेलरंग यांचा वास एकत्र आला की मला अजूनही नाताळ वाटतो. बंब खाटेखाली पडून होता. दाविद हातात भाकरी घेऊन घराच्या मागे बसला होता, कारण मागची भिंत बिजागऱ्यांवर होती आणि ती उघडली की आत तीन खोल्या होत्या. खाली स्वयंपाकघर, वर दोन. भिंतीला पेटीतल्या उरलेल्या रंगाने रंगवलेलं छोटं हिरवं दार, मोठी खिडकी, पुढे पडवी, दोरी, आणि हुकाचा तो नळ. भिंतीच्या आतल्या बाजूला चहाच्या खोक्यावरची काळी अक्षरं तशीच राहिली होती. मी ती रंगवू दिली नाहीत.

गंमत अशी की चाळीस वर्षांत पुढची बाजू जशीच्या तशी आहे. जांभळा रंग एकदाच दिलाय. मागची बाजू मात्र चारदा रंगवावी लागली, बिजागऱ्या दोनदा बदलल्या. आधी आम्ही, मग माझी मुलगी, आता दाविदची पोरं. कुठलंच पोर पुढून खेळत नाही. परवाही भेटींच्या कागदांचा ढीग पडला होता आणि दोघं घरामागे पालथी पडून नळावरून भांडत होती. मम्मी खुर्चीतून म्हणाली, "तुमच्या या घरापायी माझ्या गोधड्यांना कसर लागली." तिची ही तक्रार दर नाताळची आहे, आणि ती करताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्या संध्याकाळी चाळ फराळाला आली. करंज्या संपत होत्या, कंदील पेटला होता, आणि शलमोनमामा येणाऱ्या प्रत्येकाला "ही भिंत मी धरली होती" असं सांगत होता. पप्पा हातपाय धुऊन दाराशी बसले होते. शर्टाच्या बाहीला हिरवा रंग लागला होता. सावंतकाका ड्युटीवरून थेट आमच्याकडेच आले, डबा हातात घेऊन. घर टेबलावर होतं. त्याचे खांब, सज्जा, कोरलेली नक्षी, सगळं भिंतीकडे, आणि पडवी लोकांकडे.

"अरे, घराचा तोंड भिंतीकडे कित्याक केलंस?" सावंतकाकांनी विचारलं. पप्पा उठले आणि नखाने हलकेच मागचं दार उघडलं.

"पुढचं मी रोजच करतो," ते म्हणाले. "हे आज पहिल्यांदा केलं."